खानेसुमारीत घर सापडत नाही : हॅरॉल्ड मॅन यांचं पिंपळे सौदागर पुन्हा वाचताना

आजचा विषय ‘जनगणनेतून शेतकरी घराण्याचा शोध’ असा जाहीर झालाय. सुरुवातीलाच सांगून टाकतो, आपल्याकडे हा शोध जनगणनेतून लागत नाही. का लागत नाही हे थोडक्यात सांगतो आणि मग एका पुस्तकाकडे वळतो. पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं आहे, पण त्यातलं गाव इथून तासाभराच्या अंतरावर आहे.

इंग्लंडमधल्या शेतमजुराच्या पणतूला 1841 पासूनची दर दहा वर्षांची पानं बघता येतात. घरात कोण होतं, वय काय, धंदा काय, सगळं नावानिशी. शंभर वर्षं झाली की ती पानं खुली होतात. 1921 ची 2022 च्या जानेवारीत झाली. आपल्या मुंबई इलाख्यात 1872 ला मोजणी झाली आणि 17 फेब्रुवारी 1881 ला सगळ्या देशात एकदम झाली. तेव्हाही मोजणारा घरोघर गेला. पण बेरजा झाल्या, तक्ते छापले, आणि घरोघरचे कागद काही जपले गेले नाहीत. पुढे 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 ने या नोंदी कुणाला बघता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

गंमत बघा, जुना शब्द ‘खानेसुमारी’. खाने म्हणजे घरं. घरं मोजली, आणि हातात राहिली ती शिरगणती.

आता हा प्रश्न नुसता हौसेचा राहिलेला नाही. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुने दप्तर उघडले गेले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. 1881 चे आकडे घेऊन भाषणं होतात. पण आकड्यावर कुणा एकाला दाखला मिळत नाही, दाखल्याला पणजोबाचं नाव लागतं. दुसरीकडे चाकणच्या एमआयडीसीपासून रस्त्यांपर्यंत जमीन संपादन आलं, की कोण कुणाचा वारस हे ठरवताना भाऊबंदकी उभी राहते. म्हणजे घराण्याचा इतिहास हा इथे पैशाचा आणि हक्काचा मामला आहे.

तर पुस्तक. डॉ. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’, 1917. गाव पिंपळे सौदागर. हो, तेच, आज जिथे टॉवर उभे आहेत. आपल्या पट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबाबद्दल इतकं बारकाईनं त्या काळात दुसरं कुणी लिहिलेलं नाही, हे आधी मान्य करूया. त्यातला एक हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या फिरतोय : सरासरी जमीनधारणा 1771 ला 40 एकर, 1818 ला साडेसतरा, 1820 ते 40 च्या दरम्यान 14, आणि 1914-15 ला फक्त 7 एकर. जमिनीचे तुकडे किती? 156 खातेदार, 729 तुकडे, त्यातले 463 एकराच्या आतले.

हा हिशेब वाचताना आपल्या डोक्यात काय होतं? एक कुटुंब दिसायला लागतं. पणजोबाचे चाळीस एकर, मुलांत वाटणी, नातवांत वाटणी, शेवटी सात. मीही बरीच वर्षं तसंच वाचत होतो. पण मॅन यांनी कुटुंबाचा माग काढलेला नाही, सरासरीचा काढलाय. 1771 चा खातेदार आणि 1914 चा खातेदार एकाच घरातले, असं ते कुठे दाखवत नाहीत. मधे कुणी जमीन सावकाराला दिली, कुणी मुंबईच्या गिरणीत गेला, एखाद्याचा वंशच खुंटला. ती घरं हिशेबातून गळतात. राहतं ते टिकलेल्यांचं गणित.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खातं म्हणजे चूल नव्हे. याच पुस्तकात एकीकडे 156 खातेदार आहेत आणि दुसरीकडे 103 कुटुंबांच्या मिळकतीचा आणि खर्चाचा ताळा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खातं कधी तीन भावांचं एकत्र असतं, नाव थोरल्याचं. कधी चूल एकच, पण खाती दोन. कधी खातेदार गावात राहतच नाही. तुमच्या सातबाऱ्यावर आजही ‘ए.कु.मॅ.’ सापडतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. एका भावाचं नाव आणि पुढे ही तीन अक्षरं, बाकीचे भाऊ त्या अक्षरांत गडप. बहिणींचं तर विचारूच नका. मग सरासरी चाळीसवरून सातवर आली, यात जमीन किती तुटली आणि नुसती नावं किती सुटी झाली? मॅन यांच्या आकड्यावरून हे वेगळं काढता येत नाही. तुकड्यांचा आकडा मात्र खणखणीत आहे, त्याला हा आक्षेप लागू नाही.

मॅन खरे भेटतात ते त्या 103 कुटुंबांत. त्यातली फक्त 8 शेतीवर धड उभी होती, 28 बाहेरच्या मजुरीच्या टेकूवर, आणि 67 ना खर्च भागतच नव्हता. इथे सरासरी नाही, इथे एकेका घराचा ताळेबंद आहे. नावं नाहीत, पण घरं आहेत. खानेसुमारीनं जे द्यायला हवं होतं ते इथे थोडंसं मिळतं. माझ्या मते पुस्तकाचा हा भाग मोठा, आणि चाळीस-ते-सात जास्त गाजला हे आपलं दुर्दैव.

दोनच वर्षं आधी, 1915 ला, त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ आलं. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे कागद आणि माणूस दोन्ही पाहिलेले. ज्याच्या नावावर खातंच नाही तो बलुतेदार, तो फिरस्ता, मॅन यांच्या तक्त्यात फारसा येत नाही, आत्र्यांकडे येतो. फिरस्त्यांबद्दल आत्रे फार कडवट लिहितात, ते आज बोचतं. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, एकाच्या भरवशावर राहू नये.

मग जनगणना अगदीच निरुपयोगी का? नाही. ती हवामानासारखी वाचावी. 1872 पेक्षा 1881 ला पुणे जिल्ह्याची वस्ती घटलेली दिसते, कारण मधे 1876-78 चा दुष्काळ. 1891 नंतर 1901 ला पुन्हा घट, मधे प्लेग आणि दुष्काळ. तुमच्या वंशावळीत त्या वर्षांत एखादी शाखा अचानक थांबत असेल, तर कारण कुठे शोधायचं हे त्या बेरजा सांगतात.

एका श्रोत्यांनी विचारलंय, ‘सर, मग सुरुवात कुठून करायची?’

सातबाऱ्यापासून उलटं चाला. फेरफाराचे नंबर धरून मागे जा, वारसनोंदी वाचा. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे जाणार नाहीत. त्यापुढे मोजणी खात्याचे जुने कागद, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर. बरेचसे मोडीत असतील. आडनाव शोधू नका, बऱ्याचदा नसतंच. ‘राणू बिन मल्हारी’ असं असेल, बिन म्हणजे मुलगा. बाईचं नाव ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लावून येतं, नवऱ्याच्या नावासकट, आणि बहुधा विधवा झाल्यावरच येतं. त्या ओळी सोडू नका, तिच्यामुळेच दोन पिढ्यांचा सांधा जुळतो. आणि ‘राजगुरुनगर’ शोधू नका. हुतात्मा राजगुरूंचा जन्मच 1908 चा, जुन्या कागदात फक्त ‘खेड’. रत्नागिरीतही एक खेड आहे, म्हणून जिल्हा बघून घ्या. घोडेगावकडची मंडळी असाल, तर आंबेगाव तेव्हा खेडचाच पेटा होता, कागद इकडच्या नावाखाली निघू शकतात.