गुन्हा कबूल : हा ‘मी’ कोणाचा?

दलित आत्मकथनातल्या ‘मी’विषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. तो एकट्याचा की समूहाचा, याची चर्चा झाली. परंतु ज्यांच्या तोंडी दुसऱ्याने ‘मी’ घातला, त्यांचा विचार समीक्षेने फारसा केला नाही. ‘मी गुन्हा कबूल करतो’ हे न्यायालयातले वाक्य अशा जातीचे आहे. व्याकरणाने ते प्रथमपुरुषी. व्यवहारात पुष्कळदा ते फौजदाराचे असते.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’चे (१९८७) मोल येथे ध्यानात येते. १८७१ च्या कायद्याने काही जमातींचा जन्म हाच कबुलीजबाब मानला. तो कायदा १९५२ साली गेला. पोलिसी नजर गेली नाही. त्या नजरेने लिहून ठेवलेल्या ‘मी’विरुद्ध ‘उचल्या’तला ‘मी’ बोलतो. माझ्या लेखी हे आत्मकथन म्हणजे एका जमातीने दाखल केलेले अपील आहे.

वेट्रिमारन यांचा ‘विसारणै’ (२०१५) हा तमिळ चित्रपट या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. एम. चंद्रकुमार या रिक्षाचालक लेखकाच्या ‘लॉक अप’ या पुस्तकावर तो आधारलेला आहे. गुंटूरमध्ये पोटासाठी आलेल्या तमिळ मजुरांना, न केलेली चोरी कबूल करावी म्हणून, कोठडीत झोडपतात. न्यायालयाची भाषा त्यांना येत नाही. त्यांचे खरे म्हणणे एक तमिळ पोलीस अधिकारी न्यायाधीशांना सांगतो आणि ते सुटतात. प्रेक्षक सुस्कारा सोडतो. पण दुभाषा योगायोगाने भेटला. तो भेटला नसता तर? चित्रपट हा प्रश्न पुढे नेत नाही. कोठडीवर तो प्रखर उजेड टाकतो. न्यायासनाला मात्र सांभाळून घेतो.

‘कबूल’ म्हटल्यावर काय होते? पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. तेच शब्द मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यायालयात उच्चारतो तेव्हा मात्र त्यांवर शिक्षा ठोठावता येते. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम ३७५ प्रमाणे अशा दोषसिद्धीवर अपील नव्हते. खालच्या न्यायालयांच्या निकालात फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांवर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही (कलम ४१६) तेच आहे. ‘दंड भरून मोकळा हो’ असे सांगणारा हे सांगत नाही. पुढच्या चोरीच्या खटल्यात ही जुनी कबुली शिक्षा वाढवायला उभी राहू शकते, हेही सांगत नाही.

तरी सगळे दरवाजे बंद नाहीत. नव्वद दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. उशिराचे सबळ कारण असल्यास मुदत माफ होऊ शकते. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकारही आहेत. १९८० साली गुजरातमधील भेसळीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौद्यातून आलेल्या कबुलीवरील दोषसिद्धी रद्द केली. लांबणाऱ्या खटल्याला कंटाळून निरपराधही कबुली देईल, हे भय त्यामागे होते. १९८६ साली, मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगितलाच नाही म्हणून, दुसऱ्या एका खटल्यातली दोषसिद्धी रद्द झाली. पुढे २००५ च्या दुरुस्तीने सौद्यालाच कायद्यात जागा मिळाली, हा इतिहासाचा उपरोध. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. वस्तीत हे किती जणांना ठाऊक आहे?

समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे कायदा म्हणतो. म्हणून कार्यकर्त्यांनी प्रथम रोजनाम्याची आणि कबुलीच्या नोंदीची प्रमाणित नक्कल काढावी आणि ती एखादी संहिता वाचावी तशी वाचावी. अक्षरशत्रू मजूर ‘मला दोषारोप समजला असून मी स्वेच्छेने’ असे बोलतो काय? आरोप त्याच्या भाषेत समजावला होता काय? वकील होता काय? शब्द कोणाचे आहेत, हा तर समीक्षेचा जुनाच प्रश्न. प्रस्थापित वाङ्मयाला आपण तो निर्भयपणे विचारला. आता न्यायालयाच्या कागदालाही विचारला पाहिजे. तेथे त्याच्या उत्तरावर माणसाची सुटका अवलंबून असते.