कुलीपण आणि काळे पाणी

मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी १९९२ साली आपल्या फ्रेंच काव्यसंग्रहातून 'कुलीत्यूद', म्हणजे कुलीपण, ही संकल्पना मांडली. मार्तिनिक बेटावरील एमे सेझेर यांनी 'नेग्रित्यूद'मध्ये गोऱ्यांची शिवी अभिमानाने अंगावर घेतली होती. तोराबुली यांनी मळेवाल्यांच्या तोंडचा 'कुली' हा शब्द तसाच उचलला. दलित साहित्याच्या वाचकाला ही रीत परकी नाही.

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. कोकणाशी नाते सांगणारी त्यांची झाकरी तेथे टिकून राहिली. पोफाळीच्या कारखान्यामुळे ऊस आणि मजुरी यांचा संबंध जाणणाऱ्या ढाणकीच्या वाचकाला तो मळा डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही.

तोराबुली यांचे मोठेपण असे की, ते मूळ शोधण्यासाठी मातृभूमीकडे परतत नाहीत. त्यांच्या लेखी कुलीचा जन्म जहाजावर होतो, आणि त्याची प्रतिमा आहे प्रवाळ : अनेकांतून घडणारे, शुद्धतेचा हट्ट न धरणारे. वंशशुद्धीच्या आपल्याकडील गौरवगाथांपुढे हे निश्चितच आरोग्यदायी होय.

परंतु समुद्र ओलांडताना जुनी ओळख विरते, हे गृहीत तपासलेच पाहिजे. समुद्रगमनाला पातक ठरविणाऱ्या बौधायन धर्मसूत्राला चिंता ब्राह्मणाच्या पातित्याची होती. ज्याला गावकुसाबाहेरच ठेवले होते, त्याचे काळे पाणी काय बाटविणार होते? शिवाय उतरणाऱ्या मजुराचे नाव, बापाचे नाव आणि गाव यांबरोबर वसाहतीच्या कारकुनाने त्याची जातही नोंदवहीत लिहून घेतली.

बाबासाहेबांचा अनुभव येथे निर्णायक ठरतो. परदेशातील वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. १९१७ साली बडोद्यात राहण्यास जागा मिळेना, तेव्हा ती परत आली. विस्मृती समुद्राने दिली, समाजाने ती मान्य केली नाही.

म्हणूनच शिवीला प्रतिष्ठा देणे हा मुक्तीचा एक टप्पा आहे, मुक्काम नव्हे. १९५६ साली नागपुरात लाखोंनी जुने नाव उजळवून घेतले नाही, ते टाकून दिले. कुलीत्यूदच्या काव्यात हा त्याग मला कोठे आढळत नाही. आप्रवासी मजुरांच्या त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. तोराबुलींची कविता वाचताना त्यांतील जातीचा रकानाही शेजारी उघडा ठेवावा.