फुलं पोचली, पण कधी? : ‘इव्हेंट प्रोसेसिंग इन अ‍ॅक्शन’ परत वाचताना

ओफर एट्झियन आणि पीटर निब्लेट यांचं हे पुस्तक 2010 सालचं. दोघेही तेव्हा आयबीएममध्ये होते. आमच्या विषयात नवीन कुणी आलं की सर हेच पुस्तक हातात देतात. मलाही दिलं होतं. पहिल्या वेळी मी ते भारावून वाचलं. यंदा परत वाचलं तेव्हा थोडी चिडले. का, ते सांगते.

आधी विषय थोडक्यात. सुटी नोंद बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. एका एटीएममधून कुणी पैसे काढले, ठीक आहे. त्याच कार्डावर वीस मिनिटांनी दुसऱ्या शहरातून पैसे निघाले तर मात्र काहीतरी घडतंय. असे नोंदींचे जोड, क्रम, आणि ‘जे घडायला हवं होतं पण घडलं नाही’ असे प्रकार ताबडतोब ओळखायचे, याला कॉम्प्लेक्स इव्हेंट प्रोसेसिंग म्हणतात. ज्यावर कुणीतरी काहीतरी करायला हवं अशा घटनेला हे पुस्तक ‘सिच्युएशन’ म्हणतं. मी परिस्थिती म्हणेन.

पुस्तकभर एकच उदाहरण चालतं : फुलं घरपोच देणारी सेवा. दुकानं मागणी नोंदवतात, ड्रायव्हर बोली लावतात, फुलं वेळेत उचलली गेली नाहीत तर इशारा जातो. उदाहरण मस्त निवडलंय, कुणालाही कळतं. पण पुस्तकाची खरी कमाई पॅटर्नच्या धोरणांवरच्या भागात आहे, आणि तो भाग बरेचजण कंटाळून सोडून देतात. समजा नियम असा आहे : तासाभरात तीन वेळा पैसे काढले तर संशय घ्या. चौथ्यांदा काढले तर? आधीच्या दोन नोंदी परत मोजायच्या, की त्या पहिल्या इशाऱ्यात ‘खर्ची पडल्या’? इशारा तिसऱ्या नोंदीला लगेच द्यायचा, की तास संपल्यावर एकदाच? साध्या मराठीत सांगितलेल्या एका नियमाचे असे पाच-सहा वेगवेगळे अर्थ निघतात, आणि प्रोग्रॅम लिहिणारा त्यातला एक नकळत निवडून मोकळा होतो. हे इतकं स्वच्छ मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता चिडण्याचं कारण. आमच्या लॅबमध्ये उणे 80 अंशांचा फ्रीझर आहे. त्याच्यावर देखरेख ठेवणारी छोटी सिस्टीम मी लिहिली होती. सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवतो. 10 मिनिटं सलग उणे 65 च्या वर राहिलं की सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज. एका रात्री एमसीबी पडली. फ्रीझर बंद आणि त्याच लाइनवरचा राउटरही बंद. सेन्सर बॅटरीवर, त्यामुळे तो इमानदारीत नोंदी साठवत राहिला. पाच तासांनी सकाळी लॅबमधल्या काकांनी एमसीबी वर केली. राउटर जागा झाला, तीनशे नोंदी मिनिटभरात धाडकन आल्या, आणि 10 मिनिटांनी मेसेज आला : ‘तापमान 10 मिनिटांपासून जास्त आहे.’

दहा मिनिटं म्हणजे रात्री कुणीतरी दार नीट लावलं नसेल, असं आम्ही समजलो. माझ्या ज्युनियरने तिचे आरएनएचे नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवले आणि त्यांच्यावर पुढे तीन आठवडे काम केलं. निकाल वेडेवाकडे येत होते, ती स्वतःच्या हाताला दोष देत होती. शेवटी मी सेन्सरच्या मूळ नोंदी उघडल्या. माझा नियम नोंद कधी *आली* ते मोजत होता, कधी *घेतली* ते नाही.

चूक माझीच. पुस्तकात दोन्ही वेळा वेगळ्या सांगितल्या आहेत : घटना घडल्याची वेळ आणि ती सिस्टीमला कळल्याची वेळ. पण उशिरा आलेल्या, क्रम चुकलेल्या, अनिश्चित नोंदींचं काय करायचं ही खरी चर्चा कुठे आहे? अकराव्या, म्हणजे शेवटून दुसऱ्या प्रकरणात, ‘आव्हानात्मक विषय’ या मथळ्याखाली. जणू जेवण झाल्यावरची बडीशेप. तोपर्यंत फुलांच्या गोष्टीने वाचकाच्या डोक्यात एक जग पक्कं केलेलं असतं, ज्यात निरोप वेळेवर आणि क्रमाने पोचतात. नवशिक्या माणूस नववं-दहावं प्रकरण झालं की कोड लिहायला बसतो. मीही बसले.

गूगलच्या लोकांचा 2015 चा डेटाफ्लो मॉडेलवरचा पेपर नेमका उलट्या टोकाने सुरू होतो : नोंदी उशिरा येणारच, ‘आता सगळं आलं’ असं खात्रीने कधीच म्हणता येणार नाही, तेव्हा अचूकपणा, वेग आणि खर्च यांत काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. डेव्हिड लकहॅमचं 2002 चं ‘द पॉवर ऑफ इव्हेंट्स’ हे या विषयातलं आद्य पुस्तक. वाचायला जड आहे, पण कोणत्या घटनेमुळे कोणती घडली या कार्यकारणाला ते मध्यभागी ठेवतं. एट्झियन-निब्लेटमध्ये तो धागा बारीक झालाय.

आणखी एक गोष्ट खटकते. इंग्रजीत ‘इव्हेंट’ हा शब्द प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीलाही वापरतात आणि कॉम्प्युटरमधल्या तिच्या खुणेलाही. पुस्तक सुरुवातीलाच हे मान्य करतं आणि मग दोन्हीसाठी तोच शब्द वापरत राहतं. मराठीत आपल्याकडे ‘घटना’ आणि ‘नोंद’ असे सरळ दोन शब्द आहेत, आणि फरक किती महागात पडतो ते जपानने पाहिलंय. 5 जानेवारी 2018 ला इबाराकीच्या किनाऱ्याजवळ आणि दूर तोयामामध्ये जवळजवळ एकाच वेळी दोन मध्यम भूकंप झाले. हवामान खात्याच्या भूकंप-इशारा यंत्रणेने दोन्हीकडच्या नोंदी एकाच भूकंपाच्या समजून गुंफल्या, आणि टोकियो परिसरातल्या लोकांच्या मोबाइलवर जोरदार हादऱ्याचा इशारा वाजला. प्रत्यक्षात हादरा किरकोळ होता. नोंदी सगळ्या खऱ्या, वेळेवर आलेल्या. घटना मात्र दोन होत्या. थांबून खात्री करायला तिथे सेकंदच असतात, आणि वाजलेला इशारा मागे घेता येत नाही. फुलांच्या दुकानात माफीचा फोन करता येतो.

तरीही पुस्तक वाचा. फक्त पहिली दोन-तीन प्रकरणं झाली की सरळ अकरावं उघडा आणि मग मागे या.

माझ्या सिस्टीममध्ये आता मेसेजमध्ये दोन्ही वेळा जातात, आणि ‘नोंदच आली नाही’ हाही इशारा आहे. तो लॅबबाहेरच्या मशीनवर चालतो, नाहीतर राउटरबरोबर तोही झोपेल. आधी 3 मिनिटांच्या शांततेवर ठेवला होता, तर वायफायच्या लहरीपणामुळे रात्री-अपरात्री सगळे उठायचे. ज्युनियरने माझा नंबर म्यूट केला. सध्या 7 मिनिटांवर आहे, आणि हा सातचा आकडा मी कुठल्याही पुस्तकातून काढलेला नाही.