‘साबर बोंडं’ : आधार उंबऱ्याच्या आतला

फुलंब्रीसारख्या गावात पोरगा पंचविशीपुढं गेला की जो तो एकच विचारतो, ‘लग्नाचं काय?’ रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटात आनंदलाही तेच विचारतात. वडील गेलेत, दहा दिवसांच्या सुतकासाठी तो मुंबईहून गावी आलाय. तो समलिंगी आहे हे आईला ठाऊक आहे. २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचं मोठं पारितोषिक मिळालं.

आता तेंडुलकरांचं १९८१चं ‘मित्राची गोष्ट’ आठवा. तिथं मित्रा आपलं गुपित कॉलेजातल्या बापूला सांगते. तो ऐकून घेतो, तिच्यासाठी धावपळ करतो; पण त्याच्यामागं दुसरं कुणी नाही. मित्रा शेवटी जीव देते. एकट्या दोस्ताला एवढं ओझं पेलत नाही. ‘साबर बोंडं’मध्ये हा आधार घरात आलाय, हा मोठा फरक.

माझी तक्रार अशी, की आईवडिलांनी पोराला स्वीकारलंय ते चित्रपट सुरू होण्याआधीच. कोण आधी बोललं, कोण गप्प बसलं, ते पडद्यावर घडत नाही. इथं बसलेल्या एखाद्याला नेमकं तेच बघायचं असेल. २०१८च्या निकालानं गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण घरात विषय काढायचा कसा, ते कोर्ट सांगत नाही.

आणि आईचं बघा. नातेवाइकांना ती खरं सांगत नाही, सबब सांगून लेकाला सांभाळून घेते. आधार आहे, पण उंबऱ्याच्या आतला. तिला सबब शोधावी लागते, कारण आपण विचारतो. ते विचारणं तरी आपल्याला थांबवता येईल.