तबकडीतला राग, मैफलीतला राग

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा साधा वाटेल असा आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका आपण ऐकतो, जमवतो, एकमेकांना पाठवतो. पण त्या ऐकून गवयांबद्दल जी मतं आपण बनवतो, ती कितपत टिकणारी असतात? "अमक्यांचं गाणं ऐकलंय, काही विशेष नाही हो," असं कुणी म्हणतं, तेव्हा त्यांनी नेमकं काय ऐकलेलं असतं? बहुतेक वेळा साडेतीन मिनिटांची एक तबकडी, तीही कुणीतरी साफसूफ केलेली. हा एवढा पुरावा घेऊन आपण निकाल देऊन मोकळे होतो. म्हणून आज जरा पुराव्याकडेच पाहू.

सुरुवात वेळेपासून करू. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन ते साडेचार मिनिटं. आता केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. अल्लादिया खाँसाहेबांकडची तालीम, म्हणजे विलंबित त्रितालात आवर्तन भरत भरत समेवर येणं हा त्या गायकीचा कणा. एक आवर्तन पंचवीस-तीस सेकंदांचं धरलं, तर साडेतीन मिनिटांत सात-आठच आवर्तनं बसतात. तेवढ्यात रागाची बढत कशी होणार? म्हणून तबकडीवर गवयाला वेगळंच काहीतरी रचावं लागतं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण ती भैरवी म्हणजे केसरबाईंची मैफल असं समजलात, तर घोटाळा झाला.

मग तबकडी कमअस्सल का? मला तसं वाटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या मुद्रिका काढा. झिंझोटीची ठुमरी ऐका, भैरवी ऐका. वेळ संपत आलाय याची घाई तिथे कुठेही जाणवत नाही. स्वरावर ते असे थांबतात, जणू सगळी रात्र हाताशी आहे. काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं दिसतं. दुसरीकडे फैयाज खाँसाहेबांचा नटबिहाग. तिथे बंदिशीचे बोल लयीशी खेळतात, आणि तीन मिनिटांत मैफलीचा सगळा रुबाब उभा राहतो. दोघांनी एकाच अडचणीतून दोन वाटा काढल्या. माझं म्हणणं असं की ही तबकडी मैफलीचा कापून आणलेला तुकडा मानू नका, ती स्वतंत्र रचना म्हणून ऐका. पुढे एलपी आली, अमीर खाँसाहेबांचा मारवा एका बाजूवर आणि दरबारी दुसऱ्या बाजूवर असा पसरला, तेव्हा अडचण बदलली आणि रचनाही बदलली.

आता यंत्राकडे येऊ. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. कर्णा खर्जाचा आणि अगदी वरचा भाग पकडत नसे. परिणाम काय? डग्गा जवळजवळ गायब, तानपुरा असून नसल्यासारखा, आवाज टोकदार. हे ऐकून "त्या काळी ठेका फार पातळ वाजवायचे" असं जो लिहितो, तो तबलजीचं परीक्षण करत नाही, कर्ण्याचं करतो!

त्याहून फसवी गोष्ट गतीची. ७८ हा आकडा नंतर रुळला. सुरुवातीच्या तबकड्या कमी-जास्त गतीनं कापलेल्या आहेत. ७८ला कापलेली तबकडी ८२-८३नं फिरवली, तर पांढरी एकची पट्टी काळी एकवर जाते. लय वाढते, आवाज बारीक होतो, तान अचाट वाटते. आणि आपण म्हणतो, "काय ती तयारी!" यावर ढोबळ उपाय आहे. साथीला पेटी असेल तर तिचा आवाज नैसर्गिक वाटतो का ते बघा, गायकाचे व्यंजनोच्चार आणि श्वास माणसासारखे वाटतात का ते बघा. निर्णय पक्का होईलच असं नाही, पण शंका तरी जागी राहते.

खरखर काढण्याचंही तसंच. सगळी खरखर पुसली की तिच्याबरोबर आवाजाची धार आणि तानेतले बारीक कणही जातात. मी खरखरीसकटची प्रत आधी ऐकावी असं म्हणेन. दहा मिनिटांत कान सरावतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी गाऊन झाल्यावर आपलं नाव इंग्रजीत पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसांना गाणारं कोण ते कळावं म्हणून. गौहरजान, आग्रेवाल्या जोहराबाई, अलाहाबादच्या जानकीबाई, या व्यावसायिक गायिका यंत्रापुढे धीटपणे उभ्या राहिल्या, तेव्हा अनेक बुजुर्ग उस्ताद त्यापासून लांब होते. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं तबकडीवर नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. त्यांचा मोठेपणा आपल्यापर्यंत पोचला तो शिष्यांच्या गळ्यातून आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या लेखणीतून.

म्हणजे बघा, आपल्याकडे दोन दफ्तरं आहेत. आठवणींच्या दफ्तरात प्रामुख्यानं बुवा आणि खाँसाहेब. लाखेच्या तबकड्यांच्या दफ्तरात आरंभी या बायका. इतिहास आपण पहिल्यावरून लिहिला, आणि दुसऱ्याकडे हौसेची, फार तर नवलाची वस्तू म्हणून पाहिलं. जोहराबाईंच्या गायकीची छाप फैयाज खाँसाहेबांवर होती, असं जाणकार सांगत आले आहेत. मग ख्यालाच्या इतिहासात जोहराबाईंना एक ओळ आणि खाँसाहेबांना एक प्रकरण, हा हिशेब कसा बसतो? तबकडी हाताशी आहे. ऐकून ठरवता येतं.

म्हणूनच संग्राहकांना एक विनंती. प्रत पाठवताना "दुर्मिळ" एवढंच लिहू नका. तबकडीचा क्रमांक, कंपनी, लेबलवरचं रागाचं नाव, आणि मूळ तबकडीवरून घेतली की कुणाच्या प्रतीवरून, हे चार शब्द जोडा. लेबलवरचा राग चुकीचाही असतो, तरी तो तसाच लिहा आणि आपलं मत वेगळं लिहा. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, पण नाव-गाव नसलेली फाइल न फुटताही हरवते. आणि ती हरवली, की पुढच्या माणसाला अमुक बाई काय गात होत्या, हे पुन्हा ऐकीव आठवणींवरूनच ठरवावं लागेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.