अडनिड्या वयाची कविता

घरातल्या दुःखी मुलाची गोष्ट पद्यात सांगणे मराठीला काही नवे नाही. बापाच्या मांडीवरून सावत्र आईने उठवलेला ध्रुव आपण लहानपणापासून ऐकत आलो. श्रावणात शिवलीलामृत लावले, की चिलयाबाळाच्या ओव्यांपाशी वाचणाऱ्या आजीबाईंचा आवाज आजही जड होतो. तरीसुद्धा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत किशोरांसाठी पद्य-कादंबरीचा जो प्रकार फोफावला आहे, त्यातली दोन-चार पुस्तके वाचल्यावर एक गोष्ट मनात टोचत राहिली. हे आपल्याकडे व्हायला हवे होते. साधनेही सारी हाताशी होती. आणि झाले नाही.

आधी ती पुस्तके म्हणजे काय, ते सांगतो. कॅरेन हेस ह्या लेखिकेची ‘आउट ऑफ द डस्ट’ ही कादंबरी १९९७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला बालवाङ्मयाचे न्यूबेरी पदक मिळाले. काळ १९३४-३५ चा, स्थळ ओक्लाहोमा. पाऊस नाही, गहू करपतो आहे, आणि धुळीची वादळे घरात शिरून ताटात बसत आहेत. बिली जो ही चौदा वर्षांची मुलगी सांगते आहे. बापाने चुलीशेजारी रॉकेलची बादली ठेवली. आईला ते पाणी वाटले. भडका उडाला, आई बापाला हाक मारीत बाहेर धावली आणि पोरीने पेटती बादली दाराबाहेर भिरकावली. ती नेमकी परत येणाऱ्या आईवर. आई दिवस गेलेली. ती गेली, मूलही गेले. पियानो वाजवणारे पोरीचे हात भाजून निघाले. आता घरात उरले दोघे, बाप आणि लेक. बादली ठेवली कोणी आणि फेकली कोणी, हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि बोलत कोणीच नाही.

ज्या गावांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना ह्या पुस्तकातील धूळ समजावून सांगायला नको. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते तिचे सांगणे. छोट्या छोट्या, तारखा घातलेल्या कविता, यमक नाही, ओळ मध्येच संपते आणि उरलेले पान कोरे. बाप-लेकीत जे बोलले जात नाही, ते त्या कोऱ्या जागेत बसते. हेच गद्यात लिहिले असते, तर लेखिकेला ‘दोघेही गप्प होते’ असे पन्नास वेळा सांगावे लागले असते.

दुसरे पुस्तक जेसन रेनॉल्ड्स ह्यांचे ‘लाँग वे डाउन’, २०१७ चे. पंधरा वर्षांच्या विलच्या भावाला कोणी गोळी घातली. रडायचे नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा, हे वस्तीचे तीन नियम. भावाचे पिस्तूल कंबरेला खोचून विल लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट खाली पोचेपर्यंत जेमतेम एक मिनिट. पण प्रत्येक मजल्यावर एकेक मेलेला माणूस आत येतो. सारी कादंबरी त्या एका मिनिटाची. पोरगा शेवटी काय करतो, हे लेखक सांगत नाही. बक्षीससमारंभातल्या पाहुण्यासारखा तो उपदेशाला उभा राहत नाही, ह्याचे मला फार कौतुक वाटले.

सारीच पुस्तके इतक्या तोलाची नसतात. पुष्कळांत साधे वाक्य चार जागी मोडून त्याला कविता म्हटलेले असते. काहींत व्यसन, घटस्फोट, आत्मघात अशी दुःखांची यादीच पुढे केलेली असते. औषधाच्या दुकानात गेल्यासारखे वाटते. पण एक गोष्ट चांगल्या-वाईट बहुतेक पुस्तकांत समान असते. बोलणारा ‘मी’ त्या वयाचा असतो.

आता आपल्याकडे पाहू. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. ह्या मंडळींनी खंडकाव्याला पुराणातून उचलून मध्यमवर्गीयांच्या घरात आणून बसवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. गिरीशांचे ‘अभागी कमल’ त्याच वर्षीचे. नायिकेचे दैव नावातच सांगून टाकलेले. (नाशिककरांना वसंत कानेटकर परके नाहीत, गिरीश हे त्यांचे वडील.) १९२६ साली माधव जूलियनांनी ‘विरहतरंगा’त कॉलेजातल्या तरुण मनाची तगमग गायिली. आणि १९३२ साली यशवंतांची ‘बंदीशाळा’ आली. येरवड्याच्या बालगुन्हेगारांवर खंडकाव्य! विषयाची ही निवड आजही धाडसी वाटेल. ज्या मुलांना समाजाने भिंतीआड टाकले, त्यांच्यासाठी एक लोकप्रिय कवी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावतो, हे लहानसहान काम नव्हे.

पण ‘बंदीशाळा’ मुलांविषयीची आहे, मुलांची नाही. करुणा खरी आहे, मात्र ती प्रौढ माणसाची करुणा आहे. वृत्त कवीचे, शब्दकळा कवीची. वृत्ताचा एक हट्ट असतो: चरण भरला पाहिजे. मुलाला जेथे बोलवत नाही, तेथे कवीला बोलावे लागते. अश्रू, दैव, माता अशा शब्दांनी ती जागा भरून निघते, वाचकाचे डोळे भरतात, आणि मूल पुन्हा मुकेच.

मग वृत्ताचा हट्ट सोडणारा कवीही आपल्याला मिळाला. कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, आणि १९४३ साली त्यांचे ‘निर्वासित चिनी मुलास’ हे दीर्घकाव्य आले. योग कसा पाहा: मोकळा छंद आणि घर गमावलेले मूल एकाच पुस्तकात भेटली. परंतु शीर्षकाचा शेवटचा शब्द वाचा, ‘मुलास’. कवी बोलतो, मूल ऐकते. पुढे आपला मुक्तछंद प्रौढांच्या चिंतनात रमला.

गद्याने मात्र ही दारे उघडली. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर १९६३ साली स्वतःच्या तोंडाने बोलला. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईबापांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढतो. त्याचे दुःख तो कधी दुःख म्हणून सांगत नाही, म्हणूनच ते झोंबते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला नववीचा मुकुंद तर आमच्या वर्गातल्या कोणत्याही बाकावर बसवावा. ह्या तिघांच्या पंक्तीला बसेल असा कवितेतला मुलगा वा मुलगी आपण दाखवू शकत नाही.

की शकतो? इथे मला जात्याकडे वळावे लागते. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे, असे शारदा कायद्याने ठरवले १९२९ साली. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे सासरच्या जात्याशी पहाटे बसणारी सून म्हणजे बारा-चौदा वर्षांची पोरच असे. दूर दिलेल्या बापाविषयी, न आलेल्या भावाविषयी, सासूच्या बोलांविषयी ती ‘मी’ म्हणून गात होती. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आपण त्यांना लोकसाहित्य म्हणून कपाटात ठेवले. अडनिड्या वयाच्या पोरीने आपल्या घराविषयी केलेली कविता म्हणून त्या कोणी वाचल्या नाहीत. एकीच्या ओव्या सलग लावल्या, तर कादंबरीच होईल.

जाती गेली, गिरण्या आल्या, ते बरेच झाले. त्या वयाची पोर आता आमच्या कळवण तालुक्यात आश्रमशाळेच्या वसतिगृहात असते, आणि हंगामात आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेलेले असतात. सुटीत घरी जावे, तर घराला कुलूप. वह्यांच्या शेवटच्या पानांवर ही मुले काहीबाही लिहितात. बरेचसे सिनेमाच्या गाण्यांचे तुकडे असतात. मधूनच एखादी ओळ मात्र वही परत देताना हात थबकवते. निबंधाच्या तासाला हीच मुले ‘माझी आई’ लिहितात, आणि ती आई सगळ्या वह्यांत एकच असते.

कोणी म्हणेल, ह्या मुलांची कविता लिहायची तर अमेरिकेसारख्या ओळी तोडाव्या लागतील, आणि ते आपल्या कानाला रुचणार नाही. मला तसे वाटत नाही. ग्रंथांतली ओवी पाहा. तीन चरण यमक जुळवीत येतात आणि चौथा आखूड असतो. त्याला यमक नसते, तो थांबतो. सातशे वर्षे आपण तो चौथा चरण म्हणत आलो आहोत, आणि त्यापुढची रिकामी जागा अजून कोणी चौदा वर्षांच्या मुलीला देऊ केलेली नाही.