मॅक्रोच्या पोटातला रिटर्न

'व्हॉइड व्हॅल्यू नॉट इग्नोर्ड अ‍ॅज इट ऑट टु बी.' गूगलटेस्ट वापरून सी++ मध्ये युनिट टेस्ट लिहिताना जीसीसी कंपायलरचा हा एरर कधी तरी समोर येतोच. ज्या ओळीवर तो बोट ठेवतो ती ओळ साधी असते. फाइल उघडून तिच्यातला आकडा परत देणारे एक इंट फंक्शन, आणि त्यात पॉइंटर नल नाही ना, एवढेच तपासणारा असर्ट_एनई हा मॅक्रो. यात व्हॉइड आले कुठून?

मला हा एरर फार आवडतो, कारण तो शब्दशः खरा आहे. आपण लिहिलेली ओळ कंपायलरला दिसतच नाही. दिसतो तो मॅक्रो उलगडल्यानंतरचा मजकूर. आणि तो मजकूर चवीने वाचावा असा आहे. आधी एक इफ, ज्याच्या कंसातच तपासणीचा निकाल तयार होतो. निकाल अनुकूल असेल तर पुढे नुसता सेमिकोलन: काहीच करायचे नाही. एल्समध्ये मात्र रिटर्न, मग असर्टहेल्पर, मग =, आणि शेवटी मेसेज. इथे वाक्य मुद्दाम उघडे सोडले आहे! टेस्ट लिहिणाऱ्याने << लावून त्यात स्वतःचे शब्द ओतावेत. << चा अग्रक्रम = पेक्षा वरचा, म्हणून आधी सगळा निरोप मेसेजमध्ये जमतो आणि मगच असर्टहेल्परकडे जातो. ते = सुद्धा नेहमीचे नाही. ते अपयशाची नोंद करते आणि व्हॉइड परत देते. व्हॉइड फंक्शनमधून व्हॉइड रिटर्न केलेले सी++ ला चालते; आपल्या फंक्शनने मात्र इंट कबूल केला आहे. क्लँग हा दुसरा कंपायलर हीच तक्रार जास्त सरळ मांडतो, पण कोडे तेच.

त्याच जागी एक्स्पेक्ट_एनई लिहिले की एरर जातो. दोन्ही उलगडून शेजारी ठेवा: तिथे तो रिटर्न नाही, म्हणून अपयश नोंदवून फंक्शन पुढे चालू राहते. गूगलच्या सी++ कोडमध्ये एक्सेप्शन वापरत नाहीत. त्यामुळे जागीच थांबवायला रिटर्न हाच मार्ग उरतो. असर्टच हवे असेल तर फंक्शन व्हॉइड करून आकडा पॉइंटरमधून बाहेर द्यावा.

एवढे केल्यावर कोड कंपाइल होतो, पण रिटर्न फक्त या मदतनीस फंक्शनमधूनच बाहेर काढतो. त्याला बोलावणारी टेस्ट पुढे धावतच राहते. तिलाही थांबवायचे तर त्या कॉलभोवती असर्ट_नो_फेटल_फेल्युअर लावावे लागते.